डच व्यक्तिरेखाटनातील कष्टकरी

मोलकरणी, शेतकरी, कोळी, विणकर, भिकारी अशा माणसांची डच चित्रकारांनी खडू, शाई किंवा पेन्सिलीने केलेली रेखाटने. एरवी व्यक्तिचित्र काढून घेणारा पैसे मोजत असे आणि त्याचे नाव चित्राला चिकटून राही. इथे उलटा व्यवहार : चित्रकारापुढे बसणाऱ्याला चार पैसे मिळत, नाव मात्र क्वचितच टिके. डच भाषेत अशा चेहऱ्याच्या अभ्यासचित्राला ‘ट्रोनी’ म्हणत. त्यात माणसापेक्षा त्याचा प्रकार, वय, मुद्रा महत्त्वाची.

सतराव्या शतकात रेम्ब्रँटने भिकारी आणि रस्त्यावर धिरडी विकणारी बाई टिपली. हार्लेम शहरातला चित्रकार कॉर्नेलिस डुसार्ट (१६६०–१७०४) रंगीत खडूंनी खेडूत काढी. त्याच्याकडे थट्टेचा सूर अधिक. शहरी गिऱ्हाइकाला गावंढळ माणूस पाहून हसायचे होते.

हा सूर बदलला तो एकोणिसाव्या शतकात. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८२ मध्ये द हेग येथे वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना मॉडेल म्हणून बसवले. त्यांतला आद्रियानुस झाउडरलांड नावानिशी ओळखता येतो, पण पत्रात व्हॅन गॉगसाठी तो आधी आश्रमातला ‘क्रमांक १९९’ होता. टक्कल, मोठाले पण बहिरे कान, पांढरे कल्ले. खुर्चीत बसून दोन्ही मुठींत तोंड खुपसलेला म्हातारा तोच. त्याच वर्षी त्यावरून शिळाछाप निघाला आणि १८९० मध्ये तैलचित्र. या रेखाटनांसाठी व्हॅन गॉग सुताराची जाड पेन्सिल वापरी आणि कागदावर चक्क दूध ओती. पेन्सिलीची चकाकी मरून काळा रंग मखमली, खोल दिसे.

पुढे न्यूनेन गावी त्याने विणकर माग सोडत नसताना, मागाच्या चौकटीत अडकल्यासारखे काढले. १८८४-८५ च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचा सपाटा लावला : नुसती तैलचित्रेच चाळीसच्या आसपास, शिवाय रेखाटने. ‘बटाटे खाणारे’ हे चित्र याच सरावातून आले. पण मॉडेल मिळणे गावाच्या मर्जीवर होते. १८८५ मध्ये बसणाऱ्या तरुणींपैकी एक गरोदर राहिली, संशय चित्रकारावर गेला. त्याने तो नाकारला, तरी कॅथलिक धर्मगुरूने भाविकांना त्याच्यापुढे बसण्यास मनाई केली. त्या शरद ऋतूत व्हॅन गॉग पक्ष्यांची घरटी आणि बटाट्यांच्या टोपल्या रंगवत बसला.