जपानच्या कैदेतील दोस्त सैनिकांच्या नोंदी: अर्ज कुठे करावा, कोण करू शकतो, कोणते कागद लागतात

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर ४०,००० हून अधिक भारतीय जवान जपान्यांच्या हवाली झाले. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांची रवानगी सिंगापुरातल्याच चांगीच्या छावणीत झाली. भारतीयांपैकी कोणी आझाद हिंद सेनेत गेले, तर ज्यांनी नकार दिला त्यांच्यातल्या अनेकांना ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन या बेटांवर मजुरीला जुंपले. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंता दलाचे, जवानही मलायात होते. त्यामुळे आजोबा किंवा पणजोबा तिकडे अडकले, पुढे काय झाले ते कळले नाही, अशी घरे आपल्याकडेही आहेत.

या नोंदी एका ठिकाणी मिळत नाहीत. ऑगस्ट १९४५ मध्ये टोकियोहून छावण्यांना अडचणीचे ठरतील असे कागद नष्ट करण्याचा आदेश गेला. जे वाचले ते ज्या देशाच्या हाती लागले त्या देशात राहिले. म्हणून अर्ज अनेक करावे लागतात, आणि ते कोणत्या क्रमाने करायचे यावर बरेच काही अवलंबून असते.

आधी माणूस नक्की करा

सेवा क्रमांक, युनिट, वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा एवढे हाताशी असल्याशिवाय कुठेही अर्ज करू नका. नुसते नाव आणि ‘सिंगापूरला होते’ एवढ्यावर उत्तर येत नाही. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे कागद, ‘बेपत्ता’ कळवणारी तार, जुनी पोस्टकार्डे शोधा. घरात पदक असेल तर त्याची कड आणि मागची बाजू भिंगाखाली पाहा. भारतीय जवानांना मिळालेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर बहुधा क्रमांक, नाव आणि युनिट कोरलेले असते. कागद हरवलेल्या घरांना याचाच मोठा आधार होतो.

शोधताना त्या काळचा जिल्हा धरा. आजचा रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता आणि सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला. आडनावही कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले असते, तेव्हा पवारसोबत पोवार आणि शिंदेसोबत सिंदे हेही तपासा.

मृत्यू कैदेत झाला असेल तर

पहिली पायरी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे राष्ट्रकुलातील युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेची. त्यांच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे, नातेवाईक असण्याची अटही नाही. सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर २४,००० हून अधिक नावे आहेत, आणि दहन झालेल्या, मुख्यतः भारतीय, जवानांचे वेगळे स्मारकही तिथेच आहे. नोंदीत अनेकदा वडिलांचे नाव आणि गाव असते, त्यामुळे आपला माणूस हाच का हे ताडता येते.

नाव नसेल तर ते घालण्यासाठी अर्ज करता येतो. मृत्यू ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला हवा. माणूस सेवेत असताना गेला असेल तर मृत्यूचे कारण आड येत नाही, आणि कैदेतला सैनिक सेवेतच धरला जातो. सुटून घरी आल्यावर, सैन्यातून मोकळा झाल्यावर, याच काळात मृत्यू झाला असेल तर तो सेवेतल्या आजारामुळे वा जखमेमुळे झाला हे कागदाने दाखवावे लागते. सेवेचा पुरावा आणि मृत्यूचा पुरावा असे दोन्ही कागद जोडा. घरची आठवण सविस्तर लिहून द्यायला हरकत नाही, पण निर्णय कागदांवर होतो.

लंडनमधली कार्डे

ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधील ‘डब्ल्यूओ ३४५’ या मालिकेत जपान्यांनी ठेवलेली सुमारे ५७,००० कार्डे आहेत. छावणी, हुद्दा, युनिट, पकडल्याचे ठिकाण, आईवडिलांची नावे, व्यवसाय, घरचा पत्ता एवढे एका कार्डावर सापडते. तारीख मात्र जपानी शोवा वर्षात असते. १७ म्हणजे १९४२, २० म्हणजे १९४५. कार्डावर लाल पेन्सिलीच्या दोन तिरक्या रेघा ओढलेल्या असतील तर तो कैदी दगावला असे समजतात. मागचा जपानी मजकूर वाचून घेतल्याशिवाय शोध थांबवू नका, कारण बदल्या आणि आजार यांचा पत्ता तिथेच लागतो. सुटकेनंतर भरून घेतलेल्या सुमारे १,४०,००० प्रश्नावल्या ‘डब्ल्यूओ ३४४’ मध्ये आहेत, त्यात जर्मनीच्या कैदेतलेही आले. भारतीय जवानाचे कार्ड मिळेलच असे मात्र धरून चालू नका.

ब्रिटिश सैन्यातील माणसाची सेवा-फाइल ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडून टप्प्याटप्प्याने नॅशनल आर्काइव्ह्जकडेच येत आहे. जन्माला ११५ वर्षे झाली नसतील तर मृत्यूचा पुरावा मागतात. न्यू गिनीतील भारतीय कैद्यांच्या छळाबद्दल चाललेल्या खटल्यांचे कागद ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘ए ४७१’ मालिकेत पाहावेत.

भारतात

साध्या जवानाची सेवापुस्तिका लंडनला नाही, ती त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसची बाब. अधिकाऱ्यांच्या फायली ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये शोधाव्यात. रेकॉर्ड ऑफिस सॅपर्सचे खडकीला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. अर्जासोबत स्वतःचे ओळखपत्र आणि नाते दाखवणारा कागद जोडा: वारस दाखला किंवा वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आधी भेट द्या. कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचे हे तिथे विचारून घेता येते.

‘कागद नष्ट झाले’ असे उत्तर आले तरी थांबू नका. पेन्शन नसलेल्यांचे सेवा-कागद ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट करतात, पण लाँग रोल, म्हणजे जवानांच्या थोडक्यात नोंदींची यादी, जपून ठेवतात. म्हणून अर्जात ‘लाँग रोलमधील नोंदीचा उतारा’ असे स्पष्ट शब्दांत मागा. उत्तरच आले नाही तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा, मुदत ३० दिवसांची आहे. आजोबा आझाद हिंद सेनेत गेले असण्याची शक्यता असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही पाहा. संरक्षण मंत्रालयाने १९९७ मध्ये ९९० फायली तिथे दिल्या आहेत.

घरातले कागद देताना

कैद्याने लिहिलेले पोस्टकार्ड हीसुद्धा नोंदच आहे, आणि अनेकदा तिची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजू स्कॅन करा, कारण सेन्सॉरचे शिक्के सुटून गेले तर छावणीचा माग सुटतो.

परदेशी संग्रहालयांना अशा कागदांत रस असतो. मूळ कागद पाठवण्याआधी मात्र १९७२ चा पुरावशेष कायदा लक्षात घ्या. ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोल असलेला दस्तऐवज त्यात पुरावशेष ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. १९४२ ते ४५ चे कागद ही मर्यादा ओलांडून गेले आहेत. म्हणून बाहेर स्कॅन पाठवा, मूळ कागद राष्ट्रीय अभिलेखागाराला किंवा मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयाला देऊ करा. माझे मत विचाराल तर कुटुंबातल्या सगळ्या वारसांची लेखी संमती घेऊनच द्या. देणगीपत्रात मालकी आणि कॉपीराइट यांचा वेगवेगळा उल्लेख करून घ्या: कागद संस्थेचा झाला तरी त्यातल्या मजकुराचा हक्क वारसांकडे राहू शकतो, आणि तो द्यायचा की ठेवायचा हे सही करण्यापूर्वीच ठरवावे लागते.