जास्त मते म्हणजे कौन्सिल हातात?

‘इंग्लंडमध्ये काउंटीभर (म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रदेशात) सर्वाधिक मते मिळवणारा पक्षच कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, जिंकतो’ असा समज बराच फिरतो. प्रत्यक्षात निकाल डिव्हिजनवार, म्हणजे काउंटीतल्या प्रभागांनुसार लागतो. तिथे ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो. निम्म्या मतांची अट नाही.

समजा, तीन डिव्हिजन आहेत. ‘अ’ पक्षाला १९००, ९००, ९०० मते. ‘ब’ला ६००, १०००, १०००. बेरीज ३७०० विरुद्ध २६००, तरी दोन जागा ‘ब’च्या!

पडताळायचे तर कौन्सिलच्या संकेतस्थळावर डिव्हिजनवार निकाल उघडा आणि आधी जागा मोजा. मतांची बेरीज मात्र जपून करा. काही डिव्हिजनमधून दोन सदस्य निवडतात. तिथे मतदाराला दोन मते असल्याने आकडा फुगतो. निम्म्याहून जास्त जागा कोणाकडेच नसतील, तर कौन्सिल त्रिशंकू. उमेदवारांची मते समसमान पडली तर फेरमतदान होत नाही, चक्क चिठ्ठी काढतात.