दिवाळं निघालं तेव्हा तुकोबांनी आधी काय केलं

कोणाचा जॉब गेला, धंदा बसला, घरात काही वाईट झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर तुकोबांची एक ओळ हमखास येते. 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली'. खाली हात जोडलेला इमोजी. म्हणजे काय, तर जे झालं ते चांगल्यासाठीच, आता तू आयुष्याचा पर्पज शोध. लॉकडाऊनमध्ये माझ्या एका मित्राचं दुकान बंद पडलं, त्याला एका आठवड्यात चार जणांनी हेच पाठवलं, शेवटी तो वैतागून म्हणाला, "अरे बरं कसं झालं? हप्ते काय पांडुरंग भरणार?"

मला विचाराल तर मित्राचं बरोबर होतं. आणि मागचं सगळं वाचलं की वाटतं तुकोबांनीही त्याचीच बाजू घेतली असती, कारण ही ओळ ज्या काळातून आलीय तो काळ फॉरवर्ड करणाऱ्यांना बहुतेक माहीतच नसतो.

तर साल १६३०. आपल्याला ते शिवरायांच्या जन्माचं म्हणून पाठ आहे, पण त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि गुजरात ते दख्खन असा दुष्काळ पडला जो पुढे १६३२ पर्यंत चालला, आणि मधे काही भागात पाऊस आला तो इतका आला की उरलीसुरली पिकंही गेली. त्यात लढाई. शाहजहान निजामशाही बुडवायला बुऱ्हाणपुरात फौज घेऊन बसलेला. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या वर्षी सुरतेहून आग्ऱ्याला गेला, त्याने वाटेत पडलेली प्रेतं बघून लिहून ठेवलंय, आणि हेही लिहिलंय की बंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन जात होते पण ते बुऱ्हाणपूरच्या फौजेसाठी. धान्य होतं, भुकेल्यांच्या वाटेला येत नव्हतं. बादशहाच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, पिठात हाडांची भुकटी मिसळून विकत होते असं लिहिलंय, आता दरबारातला माणूस असं लिहितो म्हणजे बाहेर काय असेल बघा. इकडे पुण्यावर आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने गाढवाचा नांगर फिरवला तोही याच सुमारास.

आणि पुण्याच्या जवळच देहू, तिथे मोरे घराण्याचं दुकान. महाजनकी होती, सावकारी होती, खाऊनपिऊन सुखी घर. नेहमी धरतात ते १६०८ हे जन्मवर्ष घेतलं तर तुकोबा तेव्हा बावीस-तेविशीचे. आईवडील आधीच गेलेले, थोरला भाऊ सावजी घर सोडून गेलेला, त्यामुळे पोरवयात सगळा कारभार अंगावर. मग दुष्काळ. दुकान बुडालं, पहिली बायको रखुमाबाई गेली, मुलगा संतोबा गेला.

याबद्दल तुकोबा स्वतः एका अभंगात बोललेत, 'याति शूद्र वैश केला वेवसाव' म्हणून सुरू होतो तो. संतांनी विचारलं म्हणून सांगतोय, एरवी सांगू नये, अशी आधी दिलगिरीसुद्धा आहे त्यात. आणि मग ही ओळ येते, 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. बस, एवढंच. नाव नाही, रडारड नाही. आणि लगेच पुढे, 'लज्जा वाटे जीवा'. लाज वाटली म्हणे! बरं झालं वगैरे काही नाही, दुकान बुडालेल्या माणसाला गावात तोंड दाखवायची लाज वाटते तीच लाज. 'बरें जालें' हे मागे वळून बघताना निघालेलं वाक्य आहे, ऐन मार पडताना कोणी असं बोलत नाही, तुकोबाही बोलले नाहीत.

आता मला यातला खरा इंटरेस्टिंग वाटतो तो पुढचा भाग. लाजेनंतर काय? आपल्याला वाटतं की आता साक्षात्कार, डोंगर, प्रकाश वगैरे. अभंगात पुढची ओळ आहे, 'देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें'.

म्हणजे घरचं विठ्ठलाचं देऊळ पडायला आलं होतं, पूर्वज विश्वंभरबाबांच्या वेळचं, ते नीट करावंसं वाटलं. महिपतींनी नंतर, अठराव्या शतकात, तुकोबांचं चरित्र लिहिलं त्यात दगडमाती स्वतः आणून भिंती उभ्या केल्याचं वर्णन आहे. मग एकादशीला कीर्तन, तेही म्हणतात आधी त्यात चित्त लागत नव्हतं. मग संतांची वचनं पाठ करायला घेतली. मग जे पुढे गातात त्यांच्या मागे धृपद धरायचं, म्हणजे चक्क मागे उभं राहून साथ करायची. अंग मोडून लोकांची कामं केली तेही सांगितलंय. या सगळ्यानंतर, स्वप्नातल्या गुरूपदेशानंतर कुठे 'यावरि या जाली कवित्वाची स्फूर्ती' येतं. ज्यासाठी आज चारशे वर्षांनी आपण त्यांचं नाव घेतो ती गोष्ट लिस्टमध्ये एवढ्या खाली आहे! आधी पडकी भिंत.

भामचंद्राचा डोंगर, भंडारा डोंगर हे मधल्या काळातले. आता भामचंद्राच्या आसपास चाकण एमआयडीसीच्या कंपन्या झाल्यात, वरून शेडच शेड दिसतात. भामचंद्रावरून आल्यावर कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ती गोष्ट सगळ्यांना माहितीये, पण त्यातला एक डिटेल मला फार आवडतो, धाकट्या भावाची, कान्होबाची, अर्धी खतं वेगळी काढून त्याला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. विरक्ती स्वतःपुरती, भावाच्या पैशावर नाही.

दुसऱ्या बायकोच्या, आवलीच्या, वाट्याची मात्र अशी कोणी वेगळी काढली नाही. घरात पोरं, चूल पेटायची मारामार, आणि नवरा डोंगरावर, त्याला भाकरी पोचवायला हीच चढायची असं परंपरा सांगते. वर 'बरें जालें' त्याच अभंगात 'बाईल कर्कशा' म्हणून तिचीही नोंद झालीय. एका माणसाला अर्थ सापडतो तेव्हा त्याचं बिल बऱ्याचदा घरातलं दुसरं कोणीतरी भरत असतं, हे पर्पजवाल्या व्हिडिओंमध्ये कधी येत नाही.

आणि सापडलं म्हणून टिकलं असंही नाही. अधिकार नसताना कविता करतो म्हणून विरोध झाला, वह्या नदीत बुडवाव्या लागल्या, मग 'बैसलों धरणें'. दुकान गेलं त्यापेक्षा हे जास्त लागलं असणार असं आपलं मला वाटतं.

दुष्काळाची हीच वाट पुढे अजून एका बाईच्या आयुष्यात दिसते, पंडिता रमाबाई. १८७४ साली मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली, ही सोळाची, भावाबरोबर पायी हिंडत कलकत्त्यापर्यंत पोचली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, आणि १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतःची ती जुनी भूक आठवून तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या, त्यातून दौंडजवळ केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. भूक १८७४ ची, तिचं काम झालं बावीस वर्षांनी. त्यांना त्या चौऱ्याहत्तर साली कोणी विचारलं असतं की यातून काय शिकलीस, तर?

मित्राला मी यातलं काही समजावलं नाही, फक्त तो मोठा अभंग पाठवला, फॉरवर्डवाला नाही. रात्री त्याचा फोन आला. म्हणे शेवटी शेवटी ते 'होईल उशीर आतां पुरे' म्हणतात ते भारी आहे, एवढं सगळं सांगून मधेच थांबतात, आणि पुढचं काय ते देव जाणे. मग त्याने शेवटची ओळ वाचून दाखवली, 'तुका म्हणे माझें सर्व भांडवल । बोलविले बोल पांडुरंगें', आणि म्हणाला, "भांडवल बघ! सगळं सोडलं तरी माणूस दुकानदारच राहिला रे."