परदेशी अध्ययन आणि कृष्णवर्णीय अमेरिकन विद्यार्थी

अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थी पदवी अभ्यासक्रमाचा काही भाग, म्हणजे एखादे सत्र, वर्ष किंवा उन्हाळ्यातील काही आठवडे, दुसऱ्या देशात पूर्ण करतात आणि तेथे मिळवलेले श्रेयांक आपल्या संस्थेत जमा करून घेतात. या प्रथेला परदेशी अध्ययन म्हणतात. तिचा लाभ सर्व समाजगटांना सारखा मिळालेला नाही. ‘ओपन डोअर्स’ या वार्षिक अहवालानुसार २००५-०६ मध्ये परदेशी गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ३.५ टक्के होते आणि २०१८-१९ मध्ये, जेव्हा एकूण संख्या सुमारे ३ लाख ४७ हजार होती, ते ६.४ टक्क्यांपर्यंत आले. उच्च शिक्षणातील त्यांचा वाटा मात्र सुमारे १३ टक्के आहे. ही तफावत अनेकदा अनास्थेवर ढकलली जाते, पण इतिहास पाहता ते स्पष्टीकरण टिकत नाही.

कृष्णवर्णीय अमेरिकनांसाठी परदेश हा प्रारंभी अनेकदा उच्च शिक्षणाचा एकमेव खुला दरवाजा होता. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या जेम्स मॅक्यून स्मिथ यांना वर्णामुळे अमेरिकन महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातून १८३७ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. ती पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत. परतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वैद्यकी केली आणि औषधालय चालवले. ॲना ज्युलिया कूपर या जन्माने गुलाम होत्या. वॉशिंग्टनमध्ये शिक्षिका म्हणून नोकरी करत त्यांनी वयाची पासष्टी ओलांडल्यावर, १९२५ मध्ये, पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या अनुभवात या विषयाच्या दोन्ही बाजू, लाभ आणि अडथळे, एकत्र दिसतात. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या स्लेटर निधीचे प्रमुख व माजी राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेस यांनी, परदेशी पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय उमेदवार सापडत नाही अशा आशयाचे विधान केल्याचे १८९० मध्ये वृत्तपत्रांत आले. ते वाचून ड्यू बॉइस यांनी अर्ज केला. प्रथम नकार आला तरी पाठपुरावा सोडला नाही आणि अखेर निम्मे अनुदान व निम्मे कर्ज या स्वरूपात पैसे मिळवून १८९२ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात दाखल झाले. घरमालकीण, सहाध्यायी, सहप्रवासी या सर्वांनी आपल्याला प्रथम माणूस म्हणून वागवल्याचे त्यांनी नमूद केले आहे. त्याच विद्यापीठात इतिहासकार हाइन्‍रिख फोन ट्राइट्श्के यांनी भर वर्गात मिश्रवर्णीय लोक हीन असल्याचे ठामपणे सांगितले, आणि ड्यू बॉइस श्रोत्यांत बसून ते ऐकत होते. पुढे डॉक्टरेटसाठी लागणारी सत्रे पूर्ण होण्याआधीच निधीने आणखी मदत नाकारली, त्यामुळे १८९४ मध्ये त्यांना बर्लिनची पदवी न घेताच परतावे लागले. वर्गातला अपमान त्यांनी सोसला होता, पण पैसा संपल्यावर उपाय उरला नाही. ऑक्सफर्डमध्ये १९०७ साली गेलेले तेथील ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ॲलेन लॉक यांना अनेक कॉलेजांनी नाकारल्यावर हर्टफर्ड कॉलेजने घेतले. तेथे त्यांना वगळण्यात पुढाकार होता तो अमेरिकेच्या दक्षिणेकडील त्यांच्याच देशबांधवांचा.

मराठी वाचकाला या प्रसंगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तिची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि स्वतःची बचत व मित्रांची मदत जमवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९४६ मध्ये आंबेडकर व ड्यू बॉइस यांच्यात पत्रव्यवहारही झाला.

परदेशी अध्ययनाचे आजचे लाभ दोन प्रकारचे आहेत. पहिला शैक्षणिक होय. जॉर्जिया राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांतील ‘ग्लोसारी’ या संशोधन प्रकल्पात परदेशी जाऊन आलेल्यांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण तुल्य गटापेक्षा अधिक आढळले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत हा फरक विशेष ठळक होता. जाणारे विद्यार्थी मुळातच अधिक जिद्दीचे असतात, ही शंका अशा अभ्यासांत पूर्णपणे मिटत नाही. तरी परदेशवारीने अभ्यास मागे पडतो या सर्वत्र ऐकू येणाऱ्या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, हे महत्त्वाचे आहे. दुसरा लाभ मोजमापात न मावणारा आहे. मायदेशी ज्याची ओळख आधी वर्णाने ठरते, त्याला परक्या देशात प्रथमच केवळ अमेरिकन म्हणून ओळखले जाते. घानामध्ये लेगोन येथील विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी केप कोस्ट व एल्मिना येथील किल्ले पाहतात, जेथून बंदिवान आफ्रिकनांना जहाजांत भरून अटलांटिकपार नेले जाई. पूर्वजांच्या भूमीत आल्याची भावना त्यांच्या मनात असते. परंतु बाजारात कोणी ‘ओब्रुनी’, म्हणजे परदेशी किंवा गोरा, अशी हाक मारली की त्या भावनेला धक्का बसतो. हा धक्काही शिक्षणाचाच भाग आहे; वंश व राष्ट्र या दोन गोष्टी एक नाहीत हे त्यातून जितके नेमके कळते तितके पाठ्यपुस्तकातून कळणे अवघड आहे.

अडथळ्यांत पैसा अग्रस्थानी आहे, आणि तो केवळ शुल्काचा प्रश्न नाही. अल्प उत्पन्न गटासाठीचे ‘पेल अनुदान’ मान्यताप्राप्त परदेशी सत्रासाठी वापरता येते. पण ते सत्राच्या आरंभी हाती पडते, तर कार्यक्रमाची अनामत रक्कम, विमानाचे तिकीट आणि व्हिसा यांचे पैसे काही महिने आधी भरावे लागतात. प्रथमच पारपत्र काढणाऱ्या प्रौढाला त्यासाठीच १६५ डॉलर मोजावे लागतात. शिकता शिकता नोकरी करून घरी हातभार लावणाऱ्या विद्यार्थ्याचा त्या काळातील पगारही बुडतो. ज्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्यांची साठवलेली संपत्ती नाही, त्यांना हा मधला काळ भरून काढणे जड जाते.

माहितीचा अभावही तितकाच निर्णायक ठरतो. घरातून महाविद्यालयात जाणारा जो पहिलाच असतो, त्याला ही सोय आपल्यासाठीही आहे हे कोणीतरी सांगावे लागते. आणि ते सांगणारा प्राध्यापक वा समुपदेशक न भेटल्यास अर्जाची मुदत निघून जाते. माहितीपत्रकांत दीर्घकाळ गोऱ्या विद्यार्थ्यांचीच छायाचित्रे दिसत आली आहेत. अभियांत्रिकी, परिचर्या यांसारख्या क्रमबद्ध अभ्यासक्रमांत एक सत्र बाहेर काढणे कठीण जाते. वंशभेदाची भीती निराधार नसते: स्पेन वा इटलीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला पश्चिम आफ्रिकी स्थलांतरित समजून पोलिसांनी अडवावे, पूर्व आशियात अनोळखी लोकांनी न विचारता केसांना हात लावावा किंवा छायाचित्र काढावे, असे अनुभव वारंवार सांगितले गेले आहेत. आपल्या केसांची निगा राखणारा केशकर्तक कोठे मिळेल, हा प्रश्न बाहेरच्याला किरकोळ वाटतो. चार महिने परक्या गावी राहणाऱ्यासाठी तो रोजचा असतो. निघण्यापूर्वीच्या मार्गदर्शनात तो क्वचितच येतो, ही उणीव सहज दूर करता येण्याजोगी आहे.

शासकीय पातळीवर २००० च्या कायद्याने स्थापन झालेली बेंजामिन गिलमन शिष्यवृत्ती पेल अनुदानधारकांना साधारणतः ५,००० डॉलरपर्यंत साहाय्य देते. मूळ कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या, ‘ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय’ म्हटल्या जाणाऱ्या महाविद्यालयांपैकी अटलांटा येथील स्पेलमन कॉलेजने १९५० च्या दशकातच आपल्या विद्यार्थिनींना युरोपात पाठवले. पुढे नागरी हक्कांच्या वकील म्हणून नावाजलेल्या मॅरियन राइट एडेलमन त्यांपैकी एक होत. २०१७ पासून, गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाने अल्पसंख्याकबहुल संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी पाठ्यवृत्ती दिली जाते; अमेरिकेच्या ब्रिटनमधील राजदूताने डग्लस यांना ते नागरिक नसल्याचे कारण देऊन पारपत्र नाकारले होते. अलीकडे आपल्याच महाविद्यालयातील प्राध्यापकांबरोबर दोन ते आठ आठवडे जाण्याचे कार्यक्रम वाढले असून खर्च व धास्ती दोन्ही कमी असल्याने पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांची त्यांना पसंती असते. भाषा आत्मसात होण्याइतका वेळ त्यांत मिळत नाही, म्हणून पूर्ण सत्राच्या कार्यक्रमांसाठी स्वतंत्र साहाय्याची गरज कायम आहे.