ईईएक्सआय आणि सीआयआय: एक जहाजाचं, दुसरं चालवणाऱ्यांचं

कोल्हापूरला समुद्र नाही, तरी इथली पोरं मर्चंट नेव्हीत जातातच. त्यातल्या इंजिन साइडवाल्यांचा तोंडी परीक्षेची तयारी करताना ईईएक्सआय (चालू जहाजाचा ऊर्जा-कार्यक्षमता निर्देशांक) आणि सीआयआय (कार्बन-तीव्रता निर्देशक) यांत हमखास घोळ होतो. होणारच. दोन्ही मार्पोलच्या, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सहाव्या परिशिष्टातले, दोन्ही १ जानेवारी २०२३ पासून लागू, आणि दोन्हींत कार्बन डायऑक्साइडचे ग्रॅमच मोजायचे.

ईईएक्सआय म्हणजे जुन्या जहाजाच्या बांधणीचा हिशेब. इंजिनाची ताकद, त्याला लागणारं तेल, जहाजाची क्षमता आणि ठरावीक ताकदीवर मिळणारा वेग एवढं घेऊन कागदावर आकडा काढतात. जहाज वर्षभर कुठं फिरलं याच्याशी त्याचा संबंध नाही. ४०० ग्रॉस टनांपासून (हे जहाजाच्या आतल्या जागेचं माप) पुढच्या, ठरावीक प्रकारच्या जहाजांना तो लागतो. एकदा मर्यादेत बसलं आणि सर्टिफिकेट मिळालं की मोठा फेरबदल होईपर्यंत विषय मिटला.

आकडा बसत नसेल तर बहुतेक मालक इंजिनाच्या ताकदीलाच लगाम घालतात. जुन्या इंजिनात फ्युएल रॅकला, म्हणजे तेलाचं प्रमाण ठरवणाऱ्या दांड्याला, यांत्रिक अडसर बसवून सील ठोकतात, नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात तेच काम पासवर्डखाली होतं. वादळात जहाजाचा किंवा माणसांचा जीव धोक्यात आला तर सील तोडायची मुभा आहे, फक्त नोंद करावी लागते. खरं सांगायचं तर यातून तेल फारसं वाचत नाही, कारण पुष्कळ जहाजं आधीपासूनच त्या मर्यादेच्या खाली, सावकाश चालत होती.

सीआयआय मात्र दरवर्षी नव्याने मानगुटीवर बसतो. ५,००० ग्रॉस टनांपासून पुढच्या जहाजानं वर्षभरात खरोखर जाळलेल्या तेलातून किती कार्बन डायऑक्साइड निघाला, त्याला क्षमता गुणिले कापलेले मैल यानं भागायचं, आणि ए ते ई अशी श्रेणी मिळते. पट्टीही आवळत जाते: २०१९ च्या तुलनेत २०२३ ला ५ टक्के कपात, २०२४ ला ७, २०२५ ला ९, २०२६ ला ११.

उदाहरण मांडून बघा. ८०,००० टन डेडवेटचा (म्हणजे एवढं वजन वाहू शकणारा) बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज, साडेबारा नॉटनं (ताशी साडेबारा सागरी मैल) वीस दिवस चालला. ६,००० मैल झाले. रोज ३० टन जड तेल धरलं तर ६०० टन. एका टनामागे ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टन-मैलाला ३.८९ ग्रॅम. मग बंदराबाहेर दहा दिवस नांगर टाकून जनरेटर आणि बॉयलरसाठी रोज ३ टन जाळलं. मैल शून्य, आकडा ४.०९. हंगामात कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, तसंच हे. फरक इतकाच की इथं रांगेतही तेल जळतं. म्हणून बंदरात जागा कधी मिळणार ते विचारून तेवढ्याच बेतानं यायचं. वेग १० टक्के कमी केला की ताकद साधारण २७ टक्के कमी लागते. वेळ जास्त लागतो, तरी तेवढ्याच अंतराला जवळपास १९ टक्के तेल वाचतं. तळाला साचलेलं शेवाळ आणि शिंपले घासून काढणं, प्रोपेलर पॉलिश करणं, ट्रिम (जहाजाचा पुढे-मागे झुकाव) सांभाळणं हेही सीआयआयमध्येच दिसतं.

पण सीआयआयची मोठी खोट अशी की भागाकारात क्षमता आहे, प्रत्यक्ष माल नाही. रिकामं जहाज हलकं असतं, तेल कमी खातं आणि कागदावर सुधारतं! भरल्या मालाचं जहाज गर्दीच्या बंदराबाहेर खोळंबलं की कॅप्टनची चूक नसतानाही श्रेणी घसरते.

सलग तीन वर्षं डी किंवा एकदा ई आली, तर जहाजाच्या सीम्प नावाच्या ऊर्जा-आराखड्यात सुधारणा कशी करणार ते लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. त्यासाठी जहाज कोणी बंदरात अडवून ठेवत नाही. चार्टरर, म्हणजे जहाज भाड्यानं घेणारे, मात्र भाडं ठरवायच्या आधी श्रेणी विचारतात, आणि मालकाला खरी धास्ती त्याचीच असते.