शंभराला किती बांगडे?

गोव्याच्या मासळी बाजारात बांगड्याचा भाव बऱ्याचदा किलोत सांगत नाहीत. "शंभराला सहा" असे उत्तर येते. नोट तीच राहते, बदलतो बांगड्यांचा आकडा. अर्थशास्त्राच्या पुस्तकातली किमतीची आकृती इथे उलटी वाचावी लागते: आकडा चढला की मासळी स्वस्त.

सकाळी जेटीवर जेवढे उतरले तेवढाच त्या दिवसाचा पुरवठा. भाव कितीही चढला तरी दुपारपर्यंत दर्यातून आणखी बांगडे येत नाहीत. शिवाय बर्फावर मासा किती तग धरणार! मासेवालीने शंभराला चारने सुरुवात केली आणि लोक नुसते बघून पुढे गेले, तर थोड्या वेळाने पाच होतात, ऊन चढले की सात. ज्या भावाला टोपली रिकामी होते आणि त्या भावाने घेऊ पाहणारे कोणी रिकाम्या हाताने परतत नाही, तो बाजाराचा समतोल. तो न्याय्य असतोच असे नाही. ज्याला सातही परवडत नाहीत तो सुक्या मासळीवर भागवतो आणि समतोल त्याच्याशिवायच साधला जातो. 'समतोल' म्हटले की काहीतरी चांगले घडले असे वाटते, म्हणून हे सांगायला हवे.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर धक्क्याला लागले की आकृतीतली पुरवठ्याची रेषाच डावीकडे सरकते, म्हणजे त्याच भावाला कमी मासळी मिळते, आणि शंभराचे बांगडे कमी होतात. ऑगस्टात ट्रॉलर पुन्हा बाहेर पडतात आणि त्याच सुमारास श्रावण चालू असल्याने हिंदू घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण. म्हणजे पुरवठा वाढला आणि मागणी घटली. दोन्ही गोष्टी भाव खालीच ओढतात. पण एकूण मासळी जास्त खपेल की कमी? ते नुसत्या तर्काने सांगता येत नाही, कोणती रेषा किती सरकली ते पाहावे लागते. ख्रिस्ती शेजाऱ्यांची मात्र या दिवसांत चंगळ.

मासळी दर्यातली, भाजी मात्र बेळगावची. ट्रक घाट उतरले नाहीत तर गोव्याची चूल अडते, याची खंत अधूनमधून वर्तमानपत्रांतून व्यक्त होते. गोव्यात भाजी पिकत नाही असे मुळीच नाही. आगशीच्या वांग्यांची चव बेळगावच्या वांग्याला नाही. प्रश्न वेगळा आहे: ती पिकवताना इथल्या माणसाला काय सोडावे लागते? सोडून दिलेल्या कामातली जी सगळ्यात मोठी कमाई, तिला संधी खर्च म्हणतात. पर्यटकांना खोली भाड्याने देणाऱ्याचा कोबीच्या वाफ्यावर गेलेला दिवस महाग पडतो, बेळगावच्या शेतकऱ्याचा तेवढा पडत नाही.

हे गणित इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये मांडले आणि त्यासाठी निवडला तो पोर्तुगाल, म्हणजे तेव्हाचे आपलेच राज्यकर्ते. त्यांच्या उदाहरणात ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये वर्षभर 100 माणसे लागतात, पोर्तुगालमध्ये 90. ठरावीक वाइनसाठी इंग्लंडमध्ये 120, पोर्तुगालमध्ये फक्त 80. दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस, मग त्याने इंग्लंडकडून काही घ्यावेच कशाला? पण दोन्ही वस्तू आपापल्या घरी करायच्या तर इंग्लंडची 220 आणि पोर्तुगालची 170 माणसे खपतात. इंग्लंडने दोघांचे कापड विणले तर 200 पुरतात आणि पोर्तुगालने दोघांची वाइन केली तर 160. वस्तू तेवढ्याच आणि 30 माणसे मोकळी. याला तुलनात्मक लाभ म्हणतात. कोण जास्त हुशार याला इथे महत्त्व नाही, कोणाला काय सोडावे लागते ते मोजायचे. मोकळ्या झालेल्यांना दुसरे काम मिळेल, हे मात्र यात गृहीत धरलेले असते.

हे सोडणे-धरणे डोळ्यांनी पाहायचे असेल तर खाजन शेतीच्या बांधावर जावे. खाडीच्या भरतीचे पाणी मातीच्या बांधाने अडवलेले आणि बांधात लाकडी दारांचे मानस. भरतीच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी बाहेर सुटते. पावसाळ्यात आत कोरगुटासारखे खारे सोसणारे भात. कापणी झाली की खारे पाणी आत घ्यायचे आणि मानशीवर जाळे लावून सुंगटे (कोळंबी), मासे धरायचे.

जमीन एकच, मग भात किती आणि सुंगटे किती? खारटपणा मातीत मुरला की पुढचे भात घटते. खारे पाणी आधी अगदी सखल खाचरांत शिरते. तिथे भात तसेही बेताचेच, म्हणून पहिली काही किलो सुंगटे जवळजवळ फुकटात पडतात. हाव वाढवून पाणी वरच्या खाचरांपर्यंत नेले की तेवढ्याच सुंगटांसाठी चांगल्या भाताची पोती गमवावी लागतात. दोन्ही उत्पादने कागदावर मांडली तर सरळ रेघ न येता बाहेर फुगलेली कमान येते. उत्पादन शक्यता वक्र म्हणतात तो हाच. कमानीच्या आतला बिंदू म्हणजे फुटका बांध किंवा कुजलेले दार: भातही कमी, सुंगटेही कमी. बाहेरचा बिंदू या जमिनीत आणि या ज्ञानात तरी मिळायचा नाही.

कमानीवर नेमके कुठे थांबायचे हे बाजारभाव सांगतो, असे पुस्तक म्हणते. खाजनात तिथेच गोची होते. मानशीवर मासे धरण्याचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात दिला जातो. ज्याची बोली लागते त्याची कमाई सुंगटांतून; भात पिकते ते दुसऱ्यांचे. दार थोडे जास्त उघडे ठेवले तर फायदा त्याचा आणि मुरलेल्या खारटपणाचा भुर्दंड कुळांना. सुंगटांच्या भावात हा भुर्दंड धरलेलाच नसतो. मागणी-पुरवठ्याचा समतोल साधतो खरा, पण चुकीच्या जागी. शेतकरी आणि मानशीचा ठेकेदार यांच्यातल्या तक्रारी या हिशेबातूनच उद्भवतात. पावणीच्या करारात दार कधी, किती उघडायचे हे लिहून वर अनामत रक्कम ठेवली, तर तो खर्च पुन्हा ठेकेदाराच्या हिशेबात येतो. मग साहजिकच बोली थोडी उतरते, आणि उतरलेली ती रक्कम म्हणजे आजवर कुळे गुपचूप भरत आलेल्या भुर्दंडाचाच एक भाग.