फ्लुओरेसंट नॅनोकणांनी मरणाऱ्या पेशींचे चित्रण

मरणाच्या वाटेला लागलेल्या पेशींना चिकटून, प्रकाश टाकताच चमकून त्यांचा ठावठिकाणा दाखवणारे सूक्ष्म कण. त्यांचा आकार काही नॅनोमीटरपासून सुमारे शंभर नॅनोमीटरपर्यंत असतो. औषध कर्करोगाच्या गाठीला लागू पडते आहे का, हे गाठ आकसण्याची वाट न पाहता कळावे, हा त्यांच्या वापरामागचा एक मोठा हेतू आहे.

पेशी मुख्यतः दोन तऱ्हांनी मरते. जबर इजा झाली की ती फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आसपास दाह होतो, हा नेक्रोसिस. दुसरा प्रकार पेशी स्वतःच शिस्तीत घडवून आणते. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी त्याला अपॉप्टोसिस हे नाव दिले. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या कृमीच्या वाढीत तयार होणाऱ्या १,०९० कायिक (प्रजननपेशी सोडून इतर) पेशींपैकी नेमक्या १३१ अशा मरतात. या क्षेत्रातील शोधांबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कणांना पेशी सापडते ती एका मेदद्रव्यामुळे. धडधाकट पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य आपल्या पटलाच्या, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाच्या, आतल्या थरातच राखते. अपॉप्टोसिस सुरू झाला की कॅस्पेज विकरांमुळे ही व्यवस्था मोडते आणि ते बाहेरच्या थरात येते. शरीरातील भक्षक पेशी याच खुणेवरून मरणारी पेशी ओळखून गिळतात. अ‍ॅनेक्सिन-व्ही हे सुमारे ३६ किलोडाल्टनचे (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) प्रथिन कॅल्शियमच्या सान्निध्यात त्याला घट्ट चिकटते. १९९० च्या दशकात त्याला साधा रंग जोडून चाचण्या सुरू झाल्या आणि त्या आजही सर्रास होतात. नॅनोकणांच्या बहुतेक रचनांमध्ये हेच प्रथिन कणाच्या पृष्ठभागावर बसवलेले असते.

मग रंगाऐवजी कण कशाला? सेंद्रिय रंग प्रखर प्रकाशात लवकर फिके पडतात. क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहक पदार्थाचे नॅनोमीटरभर आकाराचे स्फटिक, मात्र बराच वेळ चमकत राहतात, शिवाय त्यांचा रंग आकारावर ठरतो: पदार्थ तोच, लहान कण निळसर तर मोठा तांबडा. (बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल या डॉटसाठीच मिळाले.) एका कणावर अनेक अ‍ॅनेक्सिन रेणू मावतात, त्यामुळे पकड पक्की होते, सोबत गॅडोलिनियम हा धातू जोडला तर तोच कण एमआरआयमध्येही दिसतो. रंग पोटात कोंडलेले सिलिकाचे कण आणि कार्बन डॉट हे इतर पर्याय.

प्रत्यक्ष प्रयोगात घोळ होतो तो चमक कमी पडल्याने नव्हे, तर भलत्याच पेशी चमकल्याने. पटल फाटलेल्या मृत पेशीत अ‍ॅनेक्सिन थेट आत शिरते आणि आतल्या थराला चिकटते, म्हणजे ती पेशीही ‘मरणारी’ म्हणून मोजली जाते. म्हणून जोडीला प्रोपिडियम आयोडाइड हे रंगद्रव्य टाकतात. ते अखंड पटलातून आत जात नाही. फाटलेल्या पेशीत मात्र डीएनएला चिकटून लाल चमकते. फक्त अ‍ॅनेक्सिनची खूण असलेली पेशी मरणपंथाला लागलेली, दोन्ही खुणा असलेली बहुधा मेलेली. प्रयोगशाळेतल्या बशीला चिकटलेल्या पेशी सोडवायला वापरलेले ईडीटीए हे रसायन नीट धुतले गेले नाही, तर ते कॅल्शियम ओढून घेते आणि अ‍ॅनेक्सिन चिकटतच नाही. अशा वेळी सगळ्या पेशी ठणठणीत असल्याचा सुखद भास होतो!

जिवंत शरीरात अडचणी वाढतात. दृश्य प्रकाश ऊतींमध्ये फार खोल जात नाही. म्हणून सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीत चमकणारे कण पसंत केले जातात, तरी खोलवरचे अवयव आवाक्याबाहेरच राहतात. शिरेतून दिलेले बरेच कण यकृत आणि प्लीहेत अडकतात. सुमारे साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठे कण मूत्रपिंडातून सहज बाहेर पडत नाहीत, आणि वरचा लेप व अ‍ॅनेक्सिन धरून कण सहसा याहून मोठाच होतो. त्यात क्वांटम डॉटमध्ये विषारी कॅडमियम असेल, तर असे साचणे धोक्याचे. त्यामुळे कॅडमियमचे डॉट पेशींवरील आणि प्राण्यांवरील प्रयोगांपुरते ठीक. रुग्णाच्या शरीरात अ‍ॅनेक्सिन वापरताना संशोधकांनी प्रकाशाऐवजी किरणोत्सर्गी टेक्नेशियम-९९एमचा आधार घेतला आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर मरणाऱ्या स्नायुपेशींचे चित्रण त्यानेच केले.